कीबल कॉलेज ‘अँग्लिकन’ आहे म्हणजे नेमकं काय? तिथल्या प्रथा कुठून आल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाचीला ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. घरात आनंद आहे, पण हे कॉलेज चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळींनी काढलेलं, हे कळल्यापासून आजी धास्तावल्या आहेत. तिथे चर्चमध्ये जावं लागतं का, जेवणाआधीची लॅटिन प्रार्थना म्हणावी लागते का, आणि काळे गाऊन, लांबलचक बाकं, शिक्षक आत आले की सगळ्यांनी उभं राहणं, हे सगळं मुळात आलं कुठून?

आजींना आधी सांगा की काळजीचं कारण नाही. कीबलमध्ये आज सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी मुलं शिकतात. चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनागृहात, जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. लॅटिन प्रार्थना एक जण म्हणतो, बाकीचे नुसते उभे असतात. क्रिकेटपटू इम्रान खान 1970 च्या दशकात याच कॉलेजात शिकले, एवढं सांगितलंत तरी त्यांचा जीव भांड्यात पडेल.

पण प्रथा आल्या कुठून, याचं उत्तर दोन ओळींत संपत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि त्या निमित्ताने ऑक्सफर्डच्या कॉलेजांत, त्यांच्या ग्रंथालयांत पुष्कळ काळ काढला आहे. माझं मत असं की तिथल्या सगळ्या कॉलेजांत कीबलच्या प्रथा सर्वांत उकलून बघण्याजोग्या आहेत. त्या शतकानुशतकं आपोआप साचत गेलेल्या नाहीत. काही माणसांनी एका विशिष्ट वेळी, काहीशा भीतीपोटी आणि बऱ्याचशा आशेपोटी, विचार करून त्या घातल्या. त्यांतल्या काही गळून पडल्या, काही टिकल्या. कोणत्या गळल्या आणि कोणत्या टिकल्या, हे पाहिलं की कॉलेजचा स्वभाव कळतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण आपल्याकडच्या पालकांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे विद्यापीठ परीक्षा घेतं आणि पदवी देतं, शिकवतं कॉलेज, आणि तास संपले की मुलं घरी किंवा होस्टेलवर. ऑक्सफर्डात परीक्षा, पदव्या, प्रयोगशाळा, मोठी व्याख्यानं हे विद्यापीठाचं काम. पण मुलाला घ्यायचं की नाही हे कॉलेज ठरवतं. राहणं, जेवणं, रोजचं ग्रंथालय कॉलेजात. आठवड्याला दोन-तीन मुलांना समोर बसवून त्यांच्या निबंधाची चिरफाड करणारा ट्यूटरही बहुतेक वेळा कॉलेजचाच. प्रत्येक कॉलेजची स्वतःची मालमत्ता, स्वतःची घटना, स्वतःचा प्रमुख. कीबलच्या प्रमुखाला वॉर्डन म्हणतात. या रचनेची मुळं मध्ययुगात आहेत. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र प्रार्थना करायची, असं ते जीवन होतं. म्हणून जुन्या कुठल्याही कॉलेजात गेलात तरी हॉल, चॅपल आणि ग्रंथालय या तीन वास्तू दिसतातच.

आता ‘अँग्लिकन’ म्हणजे काय ते. इंग्लंडचं चर्च सोळाव्या शतकात रोमच्या पोपपासून वेगळं झालं. बिशपांची परंपरा राहिली, प्रार्थना इंग्रजीत आली, चर्चचं प्रमुखपद राजसत्तेकडे गेलं. 1571 मध्ये या चर्चच्या श्रद्धेची 39 कलमं पक्की झाली, आणि 1581 पासून ऑक्सफर्डमध्ये नाव नोंदवतानाच विद्यार्थ्याला त्या कलमांना मान्यता देऊन सही करावी लागू लागली. कॅथलिक, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ज्यू या सगळ्यांना त्यामुळे दार बंद. केंब्रिजमध्ये निदान शिकता येई, पण सही केल्याशिवाय पदवी हातात पडत नसे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑक्सफर्डचं प्रत्येक कॉलेज अँग्लिकनच होतं. तसं वेगळं सांगायची गरजच कुणाला पडली नव्हती.

1854 च्या कायद्याने प्रवेशाच्या आणि पहिल्या पदवीच्या वेळची ही अट गेली. 1871 च्या कायद्याने वरच्या पदव्या आणि कॉलेजांतली शिक्षकपदंही, धर्मशास्त्रासारखे अपवाद सोडले तर, सगळ्यांना खुली झाली. आणि कीबल कॉलेज उघडलं 1870 मध्ये. बाकीची कॉलेजं धर्माची अट सोडत होती, नेमक्या त्याच घडीला हे एक कॉलेज ती अट मुद्दाम अंगावर घेऊन जन्माला आलं. नंतरचा कायदा नव्या कॉलेजला लागू झाला नाही, आणि सुरुवातीच्या पिढ्यांत इथले विद्यार्थी चर्च ऑफ इंग्लंडचेच असत.

आपल्याकडे ‘मिशनरी कॉलेज’ म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरलं जातं, म्हणून जाता जाता सांगते. मुंबईचं विल्सन कॉलेज स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळींचं. सेंट झेवियर्स जेझुइटांचं, म्हणजे रोमन कॅथलिक. अहमदनगरला काम केलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल. पुण्याचं बिशप्स स्कूल अँग्लिकन घरातलं. 1970 मध्ये उत्तर भारतातले अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि आणखी काही पंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. महाराष्ट्रही त्यातच येतो, त्यामुळे हे भेद आता आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकात मात्र माणसं त्यांच्यासाठी नोकऱ्या सोडत आणि मैत्र्या तोडत.

ज्यांच्या नावाने हे कॉलेज आहे ते जॉन कीबल (1792–1866) मोठे विद्वान, पण मोठेपणा मिरवायची त्यांना आवड नव्हती. ऑक्सफर्डात त्यांनी दोन विषयांत पहिला वर्ग मिळवला होता. 1827 मध्ये त्यांचा ‘द ख्रिश्चन इयर’ हा वर्षभराच्या सणवारांवरच्या कवितांचा संग्रह निघाला आणि तो इंग्लंडच्या घराघरांत गेला. पुढे दहा वर्षं ते ऑक्सफर्डात काव्याचे प्राध्यापक होते. तरी आयुष्याची शेवटची तीस वर्षं त्यांनी हॅम्पशरमधल्या हर्स्ली नावाच्या खेड्यात साधे पॅरिश पुरोहित, म्हणजे गावच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणून काढली, आणि कवितांच्या उत्पन्नातून तिथलं चर्च नव्याने बांधलं.

14 जुलै 1833 ला त्यांनी ऑक्सफर्डच्या सेंट मेरीज चर्चमध्ये एक प्रवचन दिलं. निमित्त होतं आयर्लंडमधल्या अँग्लिकन चर्चची दहा बिशपपदं कमी करण्याच्या सरकारी विधेयकाचं. कीबलांचा सवाल असा की चर्च हे सरकारचं खातं आहे का, की मंत्र्यांनी त्याची कापाकापी करावी? जॉन हेन्री न्यूमन, एडवर्ड प्युझी आणि कीबल या तिघांभोवती त्यानंतर जी चळवळ उभी राहिली तिला ऑक्सफर्ड चळवळ म्हणतात. चर्चचा अधिकार प्रेषितांपासून, म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांपासून, चालत आला आहे, राजाकडून नव्हे. म्हणून जुने विधी, उपासनेतलं सौंदर्य, उपवास, संन्यस्त जीवन हे सगळं परत आणलं पाहिजे, असा तिचा आग्रह होता. विरोधकांना यात रोमचा वास येई. 1845 मध्ये न्यूमन खरोखरच रोमन कॅथलिक झाले, तेव्हा अनेकांचा धीर सुटला. कीबल मात्र जागचे हलले नाहीत, आणि त्यांच्याविषयीच्या आदराचं मूळ तिथे आहे.

मार्च 1866 मध्ये ते गेले. हर्स्लीला अंत्यविधीसाठी जमलेल्या स्नेह्यांनी तिथेच ठरवलं की स्मारक म्हणून पुतळा नको, ऑक्सफर्डात एक कॉलेज उभारायचं. पैसे लोकवर्गणीतून आले. देणाऱ्यांत श्रीमंत होते तसे गावोगावचे साधे पुरोहितही होते. पायाचा दगड 25 एप्रिल 1868 ला, म्हणजे सेंट मार्कच्या सणाला, कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या हस्ते बसला. तो कीबलांचा जन्मदिवसही होता.

यामागची भीती सांगितली: विद्यापीठ चर्चच्या हातून निसटत होतं. आशा कोणती होती, तीही पाहू, कारण आज उरलंय ते तिच्यातून आलेलं. ऑक्सफर्डचं शिक्षण त्या काळी फार महाग होतं, आणि महाग होण्याचं मोठं कारण फी नव्हती, राहणीमान होतं. जुन्या कॉलेजांत एकेका जिन्यावर मोजक्या खोल्या. श्रीमंत विद्यार्थ्याला बसायची एक आणि निजायची एक, अशा दोन. सामान ज्याचं त्यानं घ्यायचं. न्याहारी आणि दुपारचं जेवण नोकर खोलीवर आणून देणार. मग मित्रांना न्याहारीला बोलवायचं, रात्री वाइनच्या मैफली, दुकानदारांची उधारी. पाद्र्याच्या नाहीतर शाळामास्तराच्या मुलाने तिथे पाऊल टाकलं की एक तर कर्ज, नाहीतर एकटेपणा.

कीबलच्या संस्थापकांनी या सगळ्याला नकाशातच उत्तर दिलं. जिन्यांऐवजी लांब कॉरिडॉर घातले आणि त्यांच्या कडेने खोल्या. खोल्या लहान, सामान कॉलेजचं. खोलीवर जेवण बंद, सगळे घास हॉलमध्ये सगळ्यांबरोबर. वर्षाचा खर्च एकरकमी ठरलेला, साधारण 80 पौंड. कमी नोकरांत काम भागे आणि कुणाच्या ताटात काय आहे यावरून कुणाची ऐपत कळत नसे. ‘साधी राहणी, उच्च विचार’ हे आपल्या शाळांच्या भिंतींवरचं वाक्य मूळ इंग्रजी कवी वर्ड्‌सवर्थच्या ओळीतलं. कीबलांना वर्ड्‌सवर्थबद्दल अपार आदर होता, आणि याच ओळीत त्यांच्या नावाच्या कॉलेजचा सगळा हेतू येतो.

इमारतींची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण भाची पहिल्या दिवशी तिथे पोचेल तेव्हा तिला तेच आधी दिसेल. ऑक्सफर्ड हे मधाच्या रंगाच्या दगडाचं गाव आहे. त्यात कीबल एकदम तांबड्या विटांचं. वास्तुविशारद विल्यम बटरफील्ड (1814–1900) यांनी जाणूनबुजून वीट निवडली. जवळून पाहिलं तर भिंत एका रंगाची नाहीच. तांबड्या विटांत पांढऱ्या आणि निळसर काळ्या विटांच्या आडव्या ओळी जातात, मध्ये फिकट दगडाचा पट्टा येतो, कुठे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, कुठे तिरक्या रेषांची जाळी. हे रंग लावलेले नाहीत. भिंत ज्याची बांधली आहे त्याचेच आहेत. सजावट वरून चिकटवायची नाही, बांधकामातूनच ती निघाली पाहिजे, हे बटरफील्ड यांचं तत्त्व होतं. त्यांच्या हयातीत आणि नंतरही पुष्कळ वर्षं ऑक्सफर्डकरांनी या पट्ट्यांची यथेच्छ टर उडवली. आज त्या इमारती सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित वास्तू आहेत. मला स्वतःला पावसानंतरचं कीबल फार आवडतं. विटा ओल्या झाल्या की चारही रंग वेगळे उठून दिसतात.

बटरफील्ड यांचं काम पाहायला ऑक्सफर्डलाच जावं लागतं असं नाही. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च 1858 मध्ये पवित्र झालं. इमारतीचा आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा, पण आतल्या जमिनीवरच्या भूमितीय नक्षीच्या फरशा बटरफील्ड यांच्या, खास इंग्लंडहून आणलेल्या. जायच्या आधी भाचीला एकदा तिथे घेऊन जा. त्या फरशीवर उभं राहून पाहिलं की या माणसाची नजर कशी चाले हे कळतं, आणि मग कीबलच्या भिंती परक्या वाटत नाहीत.

पैशाचीही एक बाजू आहे आणि ती झाकून ठेवू नये. चॅपलचा सगळा खर्च विल्यम गिब्ज यांनी दिला. हॉल आणि ग्रंथालय त्यांच्या मुलांच्या देणगीतून झालं. गिब्ज घराण्याची संपत्ती पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांवरून खणून आणलेल्या ग्वानोतून आली. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, युरोपच्या शेतीला त्या काळी सोन्यासारखं. ते खणायला करारबद्ध चिनी मजूर लावलेले होते आणि त्यांचे हाल भयंकर होते. गरीब विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या कॉलेजचं सर्वांत देखणं बांधकाम अशा श्रमातून आलेल्या पैशावर उभं आहे. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्रच सांगायला हवं.

चॅपल 1876 मध्ये उघडलं, पुन्हा सेंट मार्कच्या दिवशीच. आत शिरल्यावर एक गोष्ट मुद्दाम पाहायला सांगा. ऑक्सफर्डच्या बहुतेक चॅपलांत बाकांच्या रांगा समोरासमोर असतात, मठातल्या साधूंनी आळीपाळीने स्तोत्रं म्हणावीत तशी ती रचना. कीबलमध्ये सगळी बाकं वेदीकडे तोंड करून आहेत. सगळे विद्यार्थी मिळून एकच उपासक समुदाय, आणि त्यांच्यासमोर प्रभुभोजनाचा विधी, ही ऑक्सफर्ड चळवळीची शिकवण इथे बाकांच्या दिशेत उतरली आहे. खिडक्या उंचावर आहेत. त्यांच्याखाली नोहा, अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या गोष्टी मोझेइकमध्ये आहेत. सुरुवातीला इथे येणं सक्तीचं होतं. ती सक्ती केव्हाच गेली. आता सत्राच्या दिवसांत ठरावीक संध्याकाळी इव्हनसाँग असतं, म्हणजे गायकवृंदाने गायलेली सायंप्रार्थना. तिला कुणीही जाऊन बसावं. माझे किती तरी हिंदू आणि मुसलमान विद्यार्थी निव्वळ त्या संगीतासाठी जात. कुणी काही विचारत नाही, कुणी काही म्हणायला लावत नाही.

चॅपलच्या कडेला एक लहान चॅपल आहे, तिथे विल्यम होल्मन हंट यांचं ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ हे 1853 चं चित्र आहे. हातात कंदील घेतलेला ख्रिस्त एका बंद दारावर थाप मारतो आहे. दारावर रानवेली चढल्या आहेत, आणि दाराला बाहेरून कडी नाही. ते फक्त आतूनच उघडता येईल. आपल्याकडच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत याची छापील प्रत पाहिली असेल. ते मार्था कोंब या विधवा बाईंनी कॉलेजला दिलं. बटरफील्ड यांनी ते चॅपलमध्ये लावायला साफ नकार दिला, कारण त्यांच्या मते ती उपासनेची जागा होती, चित्रं बघायची नव्हे. मग ते ग्रंथालयात राहिलं, आणि पुढे 1890 च्या दशकात दुसऱ्या वास्तुविशारदाकडून त्याच्यासाठी हे कडेचं चॅपल बांधून घेतलं. कॉलेज चित्र पाहायचे पैसे घेतं हे कळल्यावर हंट संतापले. उतारवयात त्यांनी त्याचीच मोठी प्रत केली. ती जगभर फिरून आज लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आहे.

आता हॉल. ऑक्सफर्डच्या कॉलेजांतला हा सर्वांत लांब हॉल, 1878 मध्ये उघडलेला. इथलं ‘फॉर्मल हॉल’ म्हणजे रात्रीचं औपचारिक जेवण, आणि माझ्या मते कीबल समजून घ्यायचं असेल तर ते या टेबलावर बसून. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, भिंतीवर जुन्या वॉर्डनांची तैलचित्रं. मुलं गाऊन घालून आपापल्या जागी बसतात. टोकाला आडवं टेबल असतं ते हाय टेबल, म्हणजे वॉर्डन, शिक्षक आणि पाहुण्यांचं. ते रांगेने आत येतात तेव्हा सगळे उठतात. हातोडीचा ठोका पडतो, लॅटिन प्रार्थना म्हटली जाते, सगळे बसतात, आणि पुढच्या क्षणी शेकडो माणसांच्या गप्पांनी हॉल भरून जातो. बाकावर जागा मिळेल तिथे बसायचं, त्यामुळे शेजारी भौतिकशास्त्राचा कुणी, समोर धर्मशास्त्राचा कुणी. आपल्याकडच्या पंगतीत बसलं की शेजारचा कोण हे आपण निवडत नाही, आणि वाढपी सगळ्यांना एकच वाढतो, तसंच हे. दुसऱ्या पुष्कळ कॉलेजांत फॉर्मल हॉल आठवड्यातून एखाद-दोनदा असतो. कीबलमध्ये तो आठवड्यातून अनेकदा भरवायची जुनी रीत आहे, आणि ती थेट 1870 च्या ‘सगळे घास सगळ्यांबरोबर’ या नियमातून आलेली आहे. धर्माची अट गेली, चॅपलची सक्ती गेली, एकत्र जेवणं राहिलं.

पहिले वॉर्डन एडवर्ड टॅलबट कॉलेज उघडलं तेव्हा अवघे 26 वर्षांचे होते. कीबल आपल्या भिंतींत कोंडून राहिलं नाही याचं मोठं श्रेय त्यांना जातं. कॉलेजच्या रस्त्यापलीकडेच विद्यापीठाचं विज्ञान संग्रहालय आहे, जिथे 1860 मध्ये बिशप विल्बरफोर्स आणि डार्विनचे समर्थक टी. एच. हक्सली यांची उत्क्रांतीवरून गाजलेली चकमक झाली होती. चर्चनिष्ठांचं कॉलेज त्याच्यासमोर उभं राहिलं तेव्हा भांडण पुढे चालेल असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटं. कीबलचे ट्यूटर ऑब्री मूर यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त मोकळ्या मनाने स्वीकारला आणि त्याने ईश्वराची कल्पना खुजी न होता खोल होते असं मांडलं. 1889 मध्ये मूर, टॅलबट आणि त्यांच्या वर्तुळातल्या इतरांचा ‘लक्स मुंडी’ हा लेखसंग्रह आला. श्रद्धा आणि नवं ज्ञान यांची सांगड घालणाऱ्या या पुस्तकाने जुन्या पिढीतले चर्चनिष्ठ दुखावले. भीतीपोटी काढलेल्या कॉलेजातच वीस वर्षांत ती भीती ओसरू लागली होती.

टॅलबट आणि त्यांच्या पत्नी लॅव्हिनिया यांनी मुलींच्या शिक्षणासाठीही पुढाकार घेतला. 1879 मध्ये ऑक्सफर्डात मुलींसाठी दोन संस्था उघडल्या. लेडी मार्गारेट हॉल अँग्लिकन, तिच्यामागे हे दोघे. आणि समरव्हिल, जिथे कोणत्याही पंथाची अट नव्हती. नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 मध्ये समरव्हिललाच गेल्या आणि ऑक्सफर्डात कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. स्वतः कीबलमध्ये मात्र मुलींना प्रवेश मिळायला 1979 उजाडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात एमआय-5 या गुप्तचर खात्यातल्या तरुण कर्मचारी स्त्रिया तिथे राहत होत्या. शिकायला येण्यासाठी मुलींना आणखी तीन दशकांहून जास्त थांबावं लागलं. 1994 मध्ये बायझंटाइन इतिहासाच्या अभ्यासक ॲव्हरिल कॅमेरॉन पहिल्या स्त्री वॉर्डन झाल्या.

कारभारही असाच हळूहळू बदलला. सुरुवातीला सगळी सत्ता बाहेरच्या चर्चनिष्ठ मंडळींच्या कौन्सिलकडे होती आणि शिकवणारे ट्यूटर नोकरदारच होते. इतर कॉलेजांप्रमाणे शिक्षकांच्या हाती कारभार पूर्णपणे यायला 1950 चं दशक उजाडलं. वॉर्डन बरीच वर्षं धर्मगुरूच असत. 1980 मध्ये आलेले क्रिस्टोफर बॉल हे भाषाअभ्यासक होते, धर्मगुरू नव्हेत.

या चळवळीचा एक धागा थेट पुण्यात येतो, आणि तो आपल्या इतिहासातला आहे हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. कीबल गेले त्याच 1866 मध्ये ऑक्सफर्डच्या काउली भागात संन्यस्त पुरोहितांचा एक संघ निघाला. ते काउली फादर्स. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काम करणारे तेच. ऑक्टोबर 1890 मध्ये गोपाळराव जोशांनी टिळक, रानडे वगैरे मंडळींना तिथे नेलं, चहा झाला, आणि पुढे त्या चहावरून ग्रामण्य आणि प्रायश्चित्ताचं केवढं रामायण घडलं ते आपण शाळेपासून ऐकतो. फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे निळकंठशास्त्री गोरे, काही काळ या काउलीच्या संघात राहून आले होते. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वाँटेजच्या भगिनींकडे. तो भगिनीसंघही ऑक्सफर्ड चळवळीतूनच निघालेला. तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तिथल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे पत्रांतून खटके उडाले. मी ख्रिस्त मानला म्हणून चर्चच्या अधिकाऱ्यांचं प्रत्येक म्हणणं मानेनच असं नाही, हा रमाबाईंचा बाणा. कीबलांनी 1833 मध्ये चर्चवर हक्क कुणाचा असं सरकारला विचारलं होतं. रमाबाईंनी माझ्या विवेकावर हक्क कुणाचा असं त्या चर्चलाच विचारलं. भाचीने तिथे जाण्याआधी ही पत्रं वाचावीत असं मला मनापासून वाटतं. अँग्लिकन जगात एक मराठी बाई किती ताठ मानेने वावरली ते त्यांत दिसतं.

आता व्यवहाराचं. पहिल्या सत्रात मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठात रीतसर नाव दाखल होण्याचा समारंभ असतो. एकेकाळी 39 कलमांवरची सही नाव दाखल करताना होत असे ती हीच पायरी. आता काही लॅटिन वाक्यं ऐकायची आणि विद्यापीठाचे सदस्य व्हायचं. त्यासाठी आणि परीक्षांसाठी ‘सबफस्क’ लागतो: गडद रंगाचा सूट किंवा स्कर्ट, पांढरा शर्ट, बो टाय किंवा काळी रिबन, वर काळा गाऊन. मुलामुलींनी काय घालायचं याचे वेगळे नियम 2012 पासून नाहीत. 2015 मध्ये हा पोशाख परीक्षेला ठेवायचा का यावर विद्यार्थ्यांचं मतदान झालं आणि मोठ्या बहुमताने तो ठेवावा असा कौल आला. पदवीच्या साध्या विद्यार्थ्याचा गाऊन आखूड आणि बिनबाह्यांचा असतो. पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळाले की स्कॉलरचा लांब गाऊन मिळतो. गाऊन इथून शिवून नेऊ नका. ऑक्सफर्डात तयार मिळतात, जुनेही मिळतात, आणि मापं-कापड तिथल्या नियमाप्रमाणे असतं.

प्रार्थनेच्या वेळी उभं राहण्यात अडचण वाटत असेल तर तसं वॉर्डनच्या कार्यालयाला किंवा चॅपलनना मोकळेपणाने सांगता येतं. चॅपलन हे कॉलेजचे पुरोहित, पण घरची आठवण येणाऱ्या, अभ्यासाने दमलेल्या, कोणत्याही धर्माच्या मुलाशी बोलणं हेही त्यांचं काम आहे, आणि ते हे काम मनापासून करतात असा माझा अनुभव आहे. फॉर्मल हॉलला शाकाहारी जेवण मिळतं, पण नाव आधी नोंदवताना तसं कळवावं लागतं. ऐन वेळी सांगितलं तर स्वयंपाकघराची पंचाईत होते. पहिल्या आठवड्यातच जाऊ द्या तिला, ओळखी त्या बाकांवरच होतात.